एकसुळ्या

चिवांगा वस्ती,
९ फेब्रुवारी १९९७

चि. तारुविंगा यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे जिवंत आहेत. तुझं पत्र नाही, निरोप नाही. शिकारीच्या कॅम्पवर गोऱ्यांची उरलेली साखर खाऊन बोटं जड झाली असतील. हे पत्र कापसाच्या ट्रकवाल्याकडे देतेय. त्यानं तंबाखू गुंडाळायला फाडलं नाही तर पोचेल. अक्षर वाकडं आहे, पण तू वाचशील. तुला पाटीवर अक्षरं मीच शिकवली, आणि माझीही तेवढ्यावरच थांबली.

ज्वारी यंदा अशी आलीय की बघत उभं राहावं. माझ्या डोक्याच्या वर गेलीय. अजून कणसं भरायचीत, आणि एकसुळ्या परत आलाय. तोच, डावा सुळा मुळातून मोडलेला आणि एक कान फाटलेला. नदीकडची कड त्यानं साफ केली. आम्ही शेणात मिरच्या कालवून जाळतो, डबे बडवतो. त्याला काही नाही. धूर इकडून आला की तो तिकडून शिरतो. वस्तीतल्या पुरुषांपेक्षा डोकं जास्त आहे त्याला.

आणि तुझे दाजी गारिकाई काय करतात ते ऐक. हत्तीची चाहूल लागली की हा माणूस हातातला डबा खाली ठेवतो, बांधावर बसतो आणि टाळ्या वाजवून त्याला नमस्कार घालतो. आजोबा, सुळ्यांचे धनी, पुढच्या रानात जा, इथं तुमचीच लेकरं राहतात, असं कुळाचं सगळं गाणं म्हणतो. हत्ती खातो आणि हा म्हणतो. गावानं न्झोऊ न्झोऊ, हत्ती हत्ती म्हणून चढवून ठेवलंय. हत्तीच्या देवकात जन्माला आला म्हणून कोणी हत्ती होत नाही. आपलं देवक माकड. माकडं शेतात शिरली की मी काय, आत्याबाई आल्या म्हणून चटई अंथरते? दगड घेऊन धावते.

तू बायकोचा भाऊ. तुला मिसरूड नव्हतं तेव्हापासून तो तुझ्यासमोर जमिनीवर बसून टाळ्या वाजवतो. त्या मानाचा एकदा तरी उपयोग कर. त्याला दोन शब्द लिही, आणि तुझ्या साहेबाला सांग, बंदूक घेऊन ये. हे शेत गेलं तर पुढच्या पावसापर्यंत या घरात खायला काही नाही.

ज्वारी घरात आली तर तुला तिची बियर पाजीन. नाही आली तर तूच पोसायचंस. माया पातळ करू नकोस.

तुझी ताई,
सेकेसाई


नदीवरचा कॅम्प,
२६ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
तारुविंगाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचताना तू समोर उभी राहून ओरडतेयस असंच वाटलं. इथला स्वयंपाकी विचारत होता, मी एकटाच का हसतोय म्हणून.

ताई, साहेबाला मनात येईल तेव्हा बंदूक उचलता येत नाही. शेत खाणाऱ्या हत्तीची तक्रार आधी जिल्हा परिषदेच्या माणसाकडे व्हावी लागते. मग परवानगी येते, मग परदेशातून शिकारी येतो. तो पैसे देतो, तेव्हा हत्ती पडतो. मांस वस्तीचं, आणि पैशातला वाटा परिषदेचा. यंदाच्या वाट्यातून तुमच्या वस्तीला पिठाची गिरणी द्यायचं ठरतंय म्हणे. म्हणजे तुला डोक्यावर धान्य घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायला नको. हत्ती आम्हाला पोसतात ताई, हे खोटं नाही. माझ्या घरावर पत्रा आला तो त्यांच्याच जिवावर.

एप्रिलमध्ये हंगाम उघडतो. तक्रार तेवढी होऊ दे. पुढचं माझ्यावर. माग काढणारा मी. मी पुढे, साहेब मागे, पाहुणा शिकारी त्याच्या मागे. मी पाय वळवीन तिकडे बंदूक वळते. मी तुला शब्द देतो, एकसुळ्याच पडेल.

दाजींना मी काय लिहू? ते माझ्यासमोर बसतात, टाळ्या वाजवतात, हो म्हणतात आणि आपल्या मनासारखंच करतात. त्यांना तूच वळव. तुझ्या तोंडापुढे माणूस टिकत नाही, हत्तीच काय तो टिकतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मुलींना गोड पापा. मला विसरू नये ही विनंती.

तुझा धाकटा,
तारुविंगा


चिवांगा वस्ती,
२१ मार्च १९९७

चि. तारुविंगास,
आशीर्वाद. वि. वि.

तक्रार केली. मी केली. पायी गेले, दिवस मोडला. परिषदेच्या माणसानं विचारलं, घरधनी का नाही आला. मी म्हटलं, आरोपी त्याचा नातेवाईक लागतो. तो इतका हसला की त्याची खुर्ची करकरली, पण तक्रार घेतली. नीट सांगितलं मी त्याला. एकच सुळा, उजवा. कान फाटका. दुसरा कोणी नको, हाच.

घरी येऊन मी ते लपवलं नाही. लपवाछपवी मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. गारिकाई ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाही. ताट समोर ठेवलं की उठून आईच्या झोपडीत जातो आणि तिच्या हातचं खातो. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, तू बरोबर केलंस, मी पण दुसऱ्याच कुळातून आलेय, मला पण ही हत्तीभक्ती कधी पचली नाही, पण हे त्याच्यासमोर म्हणणार नाही.

काल मात्र तो बोलला. म्हणाला, तू माझ्या घरावर बंदूक बोलावलीस. आता बंदूक येण्याआधी मलाच जाऊन त्याला सांगावं लागेल, की नदी ओलांडून पलीकडच्या देशात निघून जा. मी हातातली पळी आपटली. म्हटलं, जा, सांग. आणि वाटेत भूक लागली तर शिदोरी पण बांधून दे त्याला.

एप्रिल लांब नाही. कणसं आता लालसर होतायत. लवकर ये, बंदुकीसकट. जीव लावून राहा.

सेकेसाई


चिवांगा,
४ एप्रिल

तारुविंगा,

गारिकाई गेला. एकसुळ्यानं मारला.

काल उन्हं कलली तेव्हा नदीकडे गेला. हातात काही नाही, डबा नाही, कुऱ्हाड नाही. बांधाशी पायातलं काढून ठेवलं, मोठ्या माणसासमोर जाताना काढतो तसं. मी वरच्या शेतात पाखरं हाकत होते. तिथून सगळं दिसत होतं. तो बसला. टाळ्या वाजवायला लागला. तो राक्षस कान न हलवता उभा होता. एक क्षण मला वाटलं, ऐकतोय. खरंच ऐकतोय. मी चिडलेच, म्हटलं, आता हा घरी येऊन माझ्यावर चढणार, बघ मी सांगितलं नव्हतं म्हणून.

मग तो आला. गारिकाई उठलासुद्धा नाही.

चटईत गुंडाळून आणला. उद्या पुरतायत. ट्रकवाला थांबलाय म्हणून एवढंच. ये.

सेकेसाई


नदीवरचा कॅम्प,
१७ एप्रिल १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मातीला आलो तेव्हा तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू रडत नव्हतीस, म्हणून मलाही रडता आलं नाही. थडग्याजवळ मी तुला पुन्हा दिलेला शब्द तुझ्या लक्षात असेल.

काल पाहुण्यानं गोळी घातली. हत्ती पडला. चामडं काढायचं काम चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तुमच्या वस्तीचा वाटा ट्रॅक्टरनं येतोय. परिषदेचा माणूस स्वतः आला होता. गिरणीचं नक्की झालं.

आता मन शांत कर. पोरींना आणि सासूबाईंना सांभाळ. तुझ्यासाठी साबण आणि मीठ पाठवलंय. आशीर्वाद असू दे.

तारुविंगा


चिवांगा वस्ती,
२३ एप्रिल १९९७

चि. तारुविंगास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

ट्रॅक्टर आला तेव्हा वस्तीला सण लागला. पातेली, घमेली, पोरं, कुत्री. गारिकाईचे भाऊ मात्र आपापल्या अंगणात पाठ फिरवून बसले. त्यांचं देवक, त्यांना ते बघायचंही नसतं. माझ्या पोरीही बापाच्या कुळाच्या, त्यांना मी शेजारी पाठवलं.

मी माझा वाटा मागून घेतला. मोठा दीर म्हणाला, वहिनी, सुतकाचं काळं कापड अंगावर असताना आमच्या आजोबांना खाणार का? मी म्हटलं, आजोबांनी नातवाला खाल्लं तेव्हा तुम्ही कुठे होता? या घरच्या चुलीवर ते शिजत नाही, ते मी पाळलं. वाटेच्या पलीकडे तीन दगड मांडले, पत्र्याच्या डब्यात शिजवलं. तासन्‌तास. मेलेला असूनही मऊ व्हायला तयार नव्हता.

सासूबाई काठी टेकत आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. त्यांना दात कुठे आहेत. मी तुकडे बारीक चेचून रश्शात घालून दिले. वाटी रिकामी करून म्हणाल्या, माझ्या पोटातून आलेल्याला यानं मारलं, आता हा माझ्या पोटात गेला. आणि मग रडल्या. माती झाल्यापासून पहिल्यांदा. मग मीही.

मी दात रोवून खाल्लं, तारू. तुला उगाच सभ्य करून सांगत नाही. प्रत्येक घासाला त्याचं नाव घेतलं. तुझं भलं होवो, तू शब्द पाळलास.

दीर बोलत नाहीत. नसू देत. म्हातारी पुन्हा चालायला लागलीय, नदीकाठी बोरं पिकायला लागलीत तिथं रोज एकटीच जाते. म्हणते, आता कुणाला भ्यायचं. ज्वारी आणखी थोडी वाळली की कापणार. जेवढी उरलीय तेवढी आमची. तू कापणीला आलास तर बरं वाटेल.

तुझी ताई


चिवांगा,
१२ मे

तारुविंगा,

आज पहाटे शेतात एकसुळ्या होता.

मला भुतं दिसत नाहीत. उजेड झाला होता. डावा सुळा नाही. कान फाटका. गारिकाई जिथं बसला होता तिथंच उभा राहून कणसं ओढत होता. शेपटी हलवत होता.

कापणीला आलेली ज्वारी. अर्धी गेली.

आधी मला वाटलं, मीच वेडी झाले. म्हणून तुला विचारतेय. तू पुढे होतास. पाहुण्यानं कुणाला मारलं? खरं लिही. गोड लिहू नकोस.

सेकेसाई


नदीवरचा कॅम्प,
२० मे १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. लिहायला धीर होत नव्हता.

त्या सकाळी माग मी ओळखला होता. एकसुळ्या डावीकडे नदीच्या वेळूत शिरला होता, ओलं शेण होतं, लांब नव्हता. मी वळलो. साहेबानं मागून खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, पाहुणा इतक्या लांबून मोडका दात घरी न्यायला आलेला नाही. टेकाडाकडे दोन सुळ्यांचा म्हातारा दिसलाय, तिकडे चल. मी म्हटलं, तक्रार याची आहे, यानं माझ्या बहिणीचा नवरा मारलाय. तो म्हणाला, परवानगी एका हत्तीची आहे, कुठल्याची ते पडल्यावर ठरतं. आणि म्हणाला, तुला जमत नसेल तर माग काढणारे पुष्कळ आहेत.

मी उजवीकडे वळलो.

ताई, तो म्हातारा हत्ती कुणाच्या शेतात कधी गेला नव्हता. आम्ही त्याला ओळखत होतो. पाण्यावर यायचा आणि परत जायचा. मला बघून तो पळालासुद्धा नाही.

मला वाटलं होतं, आवाजानं एकसुळ्या घाबरून पलीकडच्या देशात जाईल, आणि तुझं मन शांत होईल. तू खाशील असं मला वाटलं नव्हतं. ते पत्र वाचून मी जेवलो नाही.

हे कुणाला सांगू नकोस. बाहेर पडलं तर साहेब अडचणीत येईल आणि मी आधी जाईन. घरी बायको गरोदर आहे. या नदीवर दुसरं काम कुठलं आहे ते तूच सांग. हे पत्र वाचून जाळ. तू शेत सोडून पोरींना घेऊन आपल्या माहेरी जा, मी महिन्याला पीठ पाठवीन. मला टाकू नकोस.

तारुविंगा


चिवांगा वस्ती,
८ जून १९९७

तारुविंगा यास,

तुझं पत्र जाळलं. तू जाळ म्हणालास म्हणून, ते चुलीत टाकताना मी पुन्हा विचार केला नाही. किती मूर्ख असावं बाईनं.

त्यानंतर मी परिषदेच्या माणसाकडे गेले. त्याला सांगितलं, एकसुळ्या जिवंत आहे, पुन्हा परवानगी दे. तो म्हणाला, तो हत्ती एप्रिलमध्ये मेला, तक्रार मिटली. मी म्हटलं, तो माझी ज्वारी खातोय. तो म्हणाला, बाई, मेलेला हत्ती ज्वारी खात नाही. हा दुसरा असेल, आणि दुसऱ्याचं पुढच्या वर्षी बघू, यंदाचे परवाने संपले. या खेपेला त्याची खुर्ची करकरली नाही.

मग मुखियाच्या अंगणात माणसं जमवली. तुझं नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं की चुकीचा हत्ती मारला. सगळे माझ्याकडे मायेनं बघायला लागले. वेड्या कुत्रीकडे बघतात तसं. एकजण म्हणाला, दुःखानं होतं असं. दुसरा म्हणाला, गिरणी आलीय, आता हे उकरू नका, परत नेतील. गिरणीला नवा पत्रा घातलाय, उन्हात चमकते. तिच्यात दळायला माझ्याकडे टोपलीभर तुटकी कणसं आहेत, एकसुळ्याच्या तोंडातून ओढून घाईघाईनं कापलेली. मोठा दीर शेवटी बोलला. म्हणाला, हिच्या भावानंच माग काढला, तो काय खोटं बोलेल? त्याला विचारा. त्याच्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. आता माझ्याकडे पत्रही नाही. फक्त तुझं तोंड आहे, आणि ते तुझ्याकडे आहे.

सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. जीभ वळली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. त्या रोज बोरांना जायच्या, आणि मी डबा नि काठी घेऊन मागे मागे. त्या चिडायच्या, म्हणायच्या, वासरासारखी काय लुचत फिरतेस, मला लघवीला पण एकटीला जाऊ देत नाहीस. मी म्हणायचे, मला बोरं आवडतात. त्या म्हणायच्या, खोटारडी, तुला कधी आवडत होती.

गेल्या आठवड्यात तो बोरीच्या पलीकडे उभा होता. हातभर अंतरावर नसेल, पण दूरही नाही. मी डबा बडवायला हात उचलला, तर म्हातारीनं माझं मनगट धरलं. डोळे अधू आहेत, तरी तिनं नीट बघितलं. डावीकडे बघितलं, सुळा नाही. कान बघितला. तो बोरं खात होता, फांदीसकट. मग आपणहून वळला आणि वेळूत गेला. म्हातारी ओरडली नाही. पदरातली बोरं तिनं तिथंच जमिनीवर ठेवली.

म्हातारीला घेऊन घरी आले. अंगणात बसली आणि विचारलं, सेकेसाई, मग आपण कुणाला खाल्लं?

मी सगळं सांगितलं. माझ्या भावाला शिव्या देईल, मला देईल, असं वाटलं होतं. काही नाही. पुन्हा तेच विचारलं. तो कोण होता? म्हातारा होता का? त्याचे कोणी होते का मागे? त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या का? मी म्हटलं, म्हातारा होता एवढंच ठाऊक आहे, बाकी तारुविंगाला ठाऊक.

त्या दिवसापासून ती खात नाही. पाणी पिते. झोपडीच्या दारात बसते, कॅम्पकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. दीर आले होते, बघून गेले. त्यांना वाटतं, तिचेही दिवस भरले.

तुझं पीठ नको. माहेरही नको. मला तुझ्याकडून माझ्यासाठी काही नको. तुझी नोकरी जाईल का, साहेब काय म्हणेल, ते तू तुझं बघ. मी वाद घालत नाही, थकलेय. मुखियाच्या अंगणात तू उभा राहिलास तर एकसुळ्यावर पुन्हा बंदूक येईल, नाही राहिलास तर तो पुन्हा कुणाला तरी मारेल. हे तुलाही कळतं, मला शिकवायला नको.

पण आधी आमच्या दारात ये. म्हातारी तुला मारणार नाही, हात उचलायची ताकद नाही. तिच्यासमोर बस आणि तो कोण होता ते तिला सांग. कसा चालायचा, कुठं पाणी प्यायचा, तुला बघून का पळाला नाही, सगळं. पत्रानं पाठवू नकोस. तिला वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही.

सेकेसाई